ट्रॉम्बेची लेक आणि बेलसरचे चार महिने

तुमच्या गावातली एखादी तरी लेक मुंबईला दिलेली असेल. कुणी चेंबूरला राहते, कुणी मानखुर्दला, कुणी थेट ट्रॉम्बेला. ट्रॉम्बे म्हणजे मुंबईच्या पूर्व कडेचे, खाडीला टेकलेले टोक. जुनी माणसे त्याला तुर्भेच म्हणतात. खाडीपलीकडे नव्या मुंबईत तुर्भे आहे ते निराळे. एका अंगाला डोंगर आणि अणुसंशोधन केंद्र, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, आणि जवळच चीता कॅम्पची दाट वस्ती. १९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती उठवून तिथली हजारो माणसे या खाजणाच्या जागेवर आणून बसवली. त्याला आता पन्नास वर्षे होत आली. वस्ती पक्की झाली, माळे चढले, पण दारापुढचे पाण्याचे पिंप काही हलले नाही. नळाला पाणी येते ते ठरल्या वेळेला. तेवढ्यात भरून ठेवायचे आणि दिवसभर पुरवायचे.

हे चित्र तुम्हाला परके वाटणार नाही. तुमच्या अंगणातही तसेच पिंप आहे. शिवाय रांजण आहे, हौद आहे, जनावरांचा हाळ आहे. पाणी जपून वापरणाऱ्या माणसाचे घर शहरात काय नि खेड्यात काय, सारखेच दिसते. आणि ज्या डासाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे त्यालाही दोन्ही घरे सारखीच आवडतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रॉम्बेच्या शेजारी चेंबूरला एका ७९ वर्षांच्या गृहस्थांच्या रक्तात झिका नावाचा विषाणू सापडला. मुंबईतली ही पहिली नोंद. गृहस्थ बरे होऊन घरी गेले. पण महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण मुंबईत सापडलेला नव्हता, पुण्यातही नव्हता. तो त्याआधी दोन वर्षे, २०२१ साली, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला होता. सासवड-जेजुरीच्या बाजूचे, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचे हे शेतकऱ्यांचे गाव. अंजीर-सीताफळांचा हा तालुका. पाऊस बेताचा, म्हणून घरोघर पाण्याची साठवण. तेव्हा हा शहराचा रोग, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणायची सोय राहिली नाही.

झाले ते असे. २०२१ चा जुलै महिना. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती आणि ताप म्हटले की माणसे धसकत होती. बेलसरमध्ये महिन्याच्या सुरुवातीपासूनच तापाचे रुग्ण वाढू लागले. सांधे धरलेले, अंगावर पुरळ, डोके ठणकणारे. महिन्याच्या मध्याला पाच जणांचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, त्यांत तिघांना चिकुनगुन्या निघाला. मग संस्थेची माणसे स्वतःच गावात आली. २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत त्यांनी बेलसर आणि परिंचे या गावांतल्या ४१ जणांचे रक्त घेतले. २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू, आणि एका पन्नास वर्षांच्या बाईंना चिकुनगुन्याच्या जोडीला झिका. ३१ जुलैला बातमी राज्यभर झाली. बाई तोवर बऱ्याही झाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईला ताप आला नि गेला, त्यात एवढे काय? खरे आहे. झिकाचा ताप म्हणजे अगदी मवाळ. पाचांतल्या चौघांना तर काहीच होत नाही. आपल्याला लागण झाली होती हेही त्यांना कधी कळत नाही. उरलेल्यांना दोन-चार दिवस बारीक ताप, पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी. रोग म्हणून चिकुनगुन्या त्याच्यापेक्षा कितीतरी दांडगा. तरीही बेलसरसाठी केंद्र सरकारने तीन तज्ज्ञांचे पथक पाठवले. त्यात एक सार्वजनिक आरोग्याचे जाणकार, एक कीटकांचे जाणकार, आणि तिसऱ्या कोण? दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. तापाच्या साथीला बाळंतपणाच्या डॉक्टर कशाला, हे ज्याला कळले त्याला झिका कळला.

हा विषाणू १९४७ साली आफ्रिकेत, युगांडा देशातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्या रक्तात सापडला. पुढे साठ-पासष्ट वर्षे त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. भारतातल्या काही लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्याचे १९५४ सालीच एका पाहणीत छापून आले होते, तेही विस्मरणात गेले. मग २०१५ साली ब्राझीलच्या ईशान्य भागात दवाखान्यांतून एकामागून एक बाळे अशी जन्मू लागली की त्यांचे डोके फारच लहान. मेंदूची वाढच खुंटलेली. त्या आयांना गरोदरपणात बारीक ताप आणि पुरळ येऊन गेले होते. धागा जुळत गेला आणि डाव्या हाताने टाळलेला हा रोग १ फेब्रुवारी २०१६ रोजी साऱ्या जगाच्या आणीबाणीचा विषय ठरला.

घाबरवायचे म्हणून हे सांगत नाही. गरोदरपणी लागण झालेल्या शंभर आयांपैकी पाच ते पंधरा जणींच्या बाळांत काही ना काही दोष आढळतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे बहुतेक बाळे सुखरूप. आपल्याच देशात, केरळात, बेलसरच्या आधी काही आठवडे झिकाची जी पहिली रुग्ण सापडली ती चोवीस वर्षांची गरोदर बाई होती आणि तिचे बाळंतपण नीट पार पडले. पण शंभरांतल्या त्या पाच-पंधरांत आपले घर नसावे असे कुणाला वाटणार नाही?

आता बेलसरने काय केले ते पाहा. घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधले, भांडीकुंडी तपासली, साचलेले पाणी ओतले, फवारणी केली, गरोदर बायकांच्या तपासण्या झाल्या. हे सगळीकडेच होते. जे सहसा कुठे होत नाही ते पुढे झाले. गावातल्या जोडप्यांनी पुढचे चार महिने गर्भधारणा टाळावी असे गावाला सांगण्यात आले, आणि पुरुषांना निरोध वाटण्यात आले. कारण झिकाचा विषाणू डासाच्या सोंडेतून येतो तसाच पुरुषाच्या वीर्यातूनही बायकोपर्यंत पोचू शकतो, आणि ताप विसरून गेल्यावरही कित्येक आठवडे तिथे टिकतो. बेलसरला चार महिन्यांची मुदत सांगितली होती. जागतिक आरोग्य संघटना लागण झालेल्या, किंवा तसा संभव असलेल्या पुरुषाला तीन महिने सांगते. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, मुद्दा तोच.

जरा विचार करा. आपल्याकडे ज्या गोष्टीचा उच्चार दिवा मालवल्यावरही हळू आवाजात होतो, ती गोष्ट गावाच्या पारावर आली. वर्तमानपत्रवाल्यांनी मथळे दिले, शहरातल्या लोकांनी गंमत केली. नव्याने लग्न झालेल्या पोरीला विहिरीवर जातानासुद्धा कसे वाटले असेल! ज्या घरात चार-पाच वर्षे पाळणा हलला नव्हता, नवस बोलून झाले होते, त्या घराला आणखी चार महिने थांबा म्हणणे किती जड गेले असेल, ते तुम्हीच जाणा. मला मात्र या साऱ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आईच्या पोटातल्या बाळाची काळजी घ्या असे सांगताना पहिल्यांदाच बोट फक्त बाईकडे दाखवले नव्हते. नवऱ्यालाही काम सांगितले होते, आणि शेजाऱ्यालाही.

आणि तसे सांगण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. का, ते नीट समजून घ्या. कारण सगळी गोम इथेच आहे.

झिकाचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो पहिल्या तीन महिन्यांत, बाळाचा मेंदू घडत असताना. आणि आपल्या चालीरीती पाहा. सुनेची पाळी चुकली की पहिल्यांदा तिलाच नक्की वाटत नाही. मग नवऱ्याला सांगते. मग सासूला. सासू म्हणते, तीन महिने होईतो बाहेर कुणाला बोलू नको, दृष्ट लागते. ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, ते सगळे पुढे. म्हणजे ज्या दिवसांत तिला सगळ्यांत जास्त जपायला हवे, नेमके त्याच दिवसांत गावाला ती गरोदर असल्याचा पत्ताच नसतो. आशाताईच्या वहीत तिचे नाव नसते. गरोदर बायकांना मच्छरदाण्या वाटा म्हटले तर तिला मिळत नाही. जिची काळजी घ्यायची ती कोण हेच जिथे ठाऊक नाही तिथे एकेकीला शोधून कसे जपणार? सगळ्या गावालाच जपावे लागते. म्हणून बेलसरला सगळ्या गावाला सांगितले.

तीन महिने न सांगण्याची रीत मोडा असे मी म्हणणार नाही. ती रीत बायकांनी आपल्या अनुभवातून धरली. सुरुवातीच्या दिवसांत पोट पडण्याचा धोका असतो, आणि मग दहा तोंडांच्या चौकशा सोसवत नाहीत. पण दोन माणसांना मात्र आधीच सांगावे, एक आशाताई आणि दुसरे डॉक्टर. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा असे सरकार म्हणते ते उगीच नाही.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, सुनेला थंडी वाजून ताप आला. आरोग्य सेवक घरी आला, बोटातून रक्त घेतले, हिवताप निघाला. हिवताप म्हणजे आपला जुना मलेरिया. त्याच्या एका प्रकारात ताप उलटू नये म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या देतात. पण गरोदर बाईला त्या गोळ्या द्यायच्या नसतात, कारण पोटातल्या बाळाचे रक्त त्याने बिघडू शकते. म्हणून सेवक विचारतो, ‘वहिनी, दिवस गेलेत का?’ ओसरीवर सासरे बसलेले, शेजारीण दारात उभी. सून मान हलवून नाही म्हणते. तिचा दोष नाही, विचारण्याची जागा चुकली. असे विचारायचे तर आशाताईने आत चुलीपाशी जाऊन विचारावे. आणि घरच्यांनीही तेवढा एकांत द्यावा.

हिवताप गरोदर बाईला आणखी एका तऱ्हेने फसवतो. त्याचे जंतू बाळाला पोसणाऱ्या वारेत जाऊन दडतात. कधीकधी बाईला तापही फारसा नसतो, पण रक्त कमी होत जाते आणि बाळ पोटातच रोडावते. दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचे मूल, कधी मेलेले मूल, हे सारे त्यातून होते. म्हणून गरोदरपणी चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागली, की नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर न थांबता हिवतापासाठी रक्त तपासायला सांगा. विशेषतः ती मुंबईहून किंवा हिवतापाच्या भागातून आलेली असली तर जरूरच.

मुंबईचा आणि हिवतापाचा संबंध जुना आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहिला. शहरातल्या घरोघरच्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्या हेच डासांचे माहेर, त्या झाका, असे त्यांनी सांगितले. विहिरी झाका म्हणताच केवढा गहजब झाला! विहीर पवित्र, तिच्यावर सूर्यप्रकाश पडला पाहिजे, तिची पूजा होते. शंभर वर्षांपूर्वीही पाणी साठवणारा आणि पाणी झाका म्हणणारा यांचे भांडण असेच होते. त्यातली कुठलीही बाजू वेडी नव्हती.

गरोदर बाईला डास जास्त चावतात असे आजीबाई म्हणायच्या, ते खरे निघाले बरे का. आफ्रिकेत गांबिया देशात संशोधकांनी गरोदर आणि इतर बायकांना निरनिराळ्या झोपड्यांत झोपवून डास मोजले, तर दिवस भरत आलेल्या बायकांकडे हिवतापाचे डास जवळजवळ दुप्पट आले. २००० साली ते छापून आले. कारणही साधेच. ती दोन जिवांचा श्वास घेते, त्यामुळे जास्त उच्छ्वास सोडते, आणि तिचे अंग थोडे अधिक उबदार असते. डास वासावर आणि उबेवर येतो.

झिका, डेंग्यू आणि चिकुनगुन्या या तिन्हींचा डास मात्र एकच, आणि तो हिवतापाच्या डासाहून वेगळा. त्याचे नाव एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. कुणी त्याला टायगर मच्छरही म्हणतात. तो दिवसा चावतो, सकाळी सडा-रांगोळीच्या वेळेनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जास्त. घाण गटारात तो राहत नाही. त्याला स्वच्छ, साठलेले, स्थिर पाणी लागते. म्हणजे ज्या घरची बाई भांडी घासून-पुसून पाणी भरते तिच्याच घरी हा पाहुणा! ‘आमच्याकडे घाण नाही, मग डास कुठून?’ असे म्हणणाऱ्या वहिनींनी हे ध्यानात घ्यावे.

त्याची एक खोड फार महत्त्वाची आहे. तो पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीला चिकटवतो. पाणी ओतून दिले तरी अंडी भिंतीलाच. भांडे सुकले तरी ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले, रेघ वर आली, की त्यातून अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. नारळाच्या काथ्याने, राखेने, जे हाताशी असेल त्याने आतून खसखसून घासायचे, मगच पालथे घालायचे. कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते, पण तो घासण्याचा दिवस आहे हे कुणी पुरेसे ठासून सांगत नाही.

आणि हा डास फार लांब उडत नाही. जन्मला त्याच्या आसपासच्या चार घरांत त्याचा जन्म जातो. याचा अर्थ असा, की तुमच्या सुनेला जो डास चावेल तो एक तर तुमच्या घरचा, नाही तर भावकीतल्या घरचा. बांधावरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्या चुलत भावाच्या हौदातला डास तुमच्या ओसरीवर यायला कोर्टाचा निकाल लागायची वाट पाहत नाही.

तुमच्या वाड्यात तो कुठे वाढतो ते आता फिरून पाहा. रांजण, पिंप, हौद हे झालेच. पण शेतकऱ्याच्या घरी आणखी जागा असतात, ज्या शहरातल्या पत्रकात लिहिलेल्या नसतात. मुरघासाच्या खड्ड्यावर प्लास्टिक दाबून ठेवायला आपण जुने टायर टाकतो ना? पावसाळ्यात एकेका टायरमध्ये तांब्याभर पाणी राहते आणि उन्हातही ते सुकत नाही. टायर कापून टाका, नाही तर खालच्या बाजूला भोके पाडा, नाही तर टायरऐवजी मातीची पोती ठेवा. अंगणातले वापरात नसलेले उखळ, ट्रॅक्टरचा जुना टब, फवारणीचा पंप धुऊन उघडा ठेवलेला, औषधांचे कापलेले कॅन, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे, गोठ्याच्या पत्र्यावरची ताडपत्री जिथे झोळ पडून पाणी साचते, कुलर, फ्रिजच्या मागचा ट्रे. हाळ रोज जनावरांनी ढवळला जातो म्हणून त्यात अळ्या कमी. पण बैल विकल्यावर कोरड्या गोठ्यात तसाच राहिलेला हाळ, तो मात्र पहिल्या पावसात भरतो.

जिथे पाणी ओतणे परवडत नाही तिथे झाकायचे. पिंपाला झाकण, आणि झाकण नसेल तर जुन्या सुती लुगड्याचे दुहेरी फडके तोंडावर ताणून दोरीने घट्ट बांधायचे. सैल राहिले तर फडक्याच्या खोलगटातच पाणी साचते. मोठा हौद किंवा विहीर असेल तर गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले की ते मिळतात. वापराच्या पाण्यात आरोग्य सेवक औषध टाकून गेला तर ‘वास येतो’ म्हणून त्याच दिवशी पाणी ओतू नका, तो बिचारा दहा घरे फिरून आलेला असतो. धुराच्या यंत्राविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. यंत्र गल्लीतून फिरले की लोकांना बरे वाटते, फोटोही चांगला येतो. त्या धुराने उडणारे डास थोडे मरतात. अंडी, अळ्या जिथल्या तिथे. परवा पुन्हा तेच.

बेलसरचे पुढे काय झाले? राज्यात २०२१ साली झिकाचा तो एकच रुग्ण नोंदला गेला. गावाच्या मेहनतीला त्यातले श्रेय किती आणि नशिबाला किती हे कुणी तराजूत घालून सांगू शकत नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावेळी पुणे जिल्ह्यातली ७९ गावे धोक्याची म्हणून काढली होती, आणि साथ काही त्यांतून पसरली नाही. तिने पुढे वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात आश्रमशाळेतल्या सात वर्षांच्या मुलीला झिका निघाला. २०२३ मध्ये चेंबूर. आणि जून २०२४ मध्ये पुणे शहरात एरंडवण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी यांच्यापासून सुरुवात होऊन वर्षअखेरपर्यंत राज्यात १४० रुग्ण झाले, बहुतेक पुण्याचे, पण अहिल्यानगर जिल्ह्यातलेही. त्यांत बऱ्याच गरोदर बायका होत्या. मुद्दाम गरोदर बायकांचेच रक्त तपासले जात होते, हेही त्याचे एक कारण. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना कळवले, की झिकाच्या भागातल्या गरोदर बायकांची तपासणी करा आणि जिला लागण निघेल तिच्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा.

म्हणजे लागण निघाली तर लगेच पोट पाडायचे असे नाही. तसे कुणी गावगप्पांत सांगितले तर ऐकू नका. डॉक्टर ठराविक दिवसांनी सोनोग्राफी करून बाळाच्या डोक्याची वाढ पाहतात. रक्त आणि लघवीचा नमुना पुण्याच्या संस्थेकडे किंवा सरकारने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो.

आता आपल्या ट्रॉम्बेच्या लेकीकडे वळू. पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यात माहेरी येणार. तिच्याबरोबर तिच्या पिंपाचा डास येत नाही, पण एखादे वेळी तिच्या रक्तातून विषाणू येऊ शकतो. आणि तुमच्या अंगणात एडिस असेल तर तो तिला चावून तुमच्या सुनेला चावेल, जिने अजून कुणाला काही सांगितलेले नाही. उलटही होऊ शकते. म्हणून तिला आणायला जाण्याआधी पंधरा दिवस घर तयार करा. दोन आठवडे लागोपाठ सगळी भांडी घासली की मागची पिढी संपते. शेजारच्या दोन घरांनाही ‘लेक येणार आहे, तेवढे पिंप झाका’ म्हणा. अशा कारणाला कुणी नाही म्हणत नाही. जावईबापू दर शनिवारी-रविवारी येणार असतील आणि त्यांच्या वस्तीत ताप चालू असेल, तर गरोदरपण संपेपर्यंत निरोध वापरायला आशाताई त्यांना सांगेल. सासऱ्याने सांगायची ती गोष्ट नव्हे. मेव्हणा असेल तर त्याने सांगावी.

ती आली की दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा, कारण हा डास दिवसाचा आहे. अंगभर कपडे, पायांत मोजे घातले तर हसू नका. ताप आला तर दुकानातली गोळी नको. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, आणि पाणी, पेज, ताक भरपूर. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त, फार अस्वस्थ वाटणे, किंवा बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. बाळंतपणाच्या दोन-चार दिवस आधी ताप आला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या वेळी आईला चिकुनगुन्या असला तर जन्मताना बाळालाही लागण होऊ शकते, आणि मग बाळाला आठवडाभर दवाखान्यात नजरेखाली ठेवतात.

माता व बाल संरक्षण कार्ड तिने मुंबईहून बरोबर आणले आहे ना, तेवढे पहिल्याच दिवशी पिशवीतून काढून पाहा. त्यात तिच्या तपासण्या लिहिलेल्या असतात. ते घेऊन आपल्या उपकेंद्रात एकदा तिला नेऊन आणा. आणि कोरडा दिवस कुठला धरायचा हा घरोघरी वादाचा विषय होतो. कुणाचा सोमवार उपासाचा, कुणाचा गुरुवार. गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी धरा. त्या दिवशी घरातला भाजीपाला संपलेला असतो, चूल लवकर उरकते, आणि पोरेही भांडी घासायला हाताशी मिळतात.